येऊन राहिला

मिलिमीटर मामा ‘पाऊस येईल’ असं कधीच म्हणत नसत. ते म्हणत ‘पानी येऊन राहिला’, नाहीतर ‘आला तं येईन’, नाहीतर नुसतंच ‘नाई दिसत’. तिन्हींचे अर्थ आमच्या तलावाकडेच्या आठ-दहा गावांना पाठ होते. ‘नाई दिसत’ म्हणजे खुशाल कापणीला लागा. ‘आला तं येईन’ म्हणजे मला कळलेलं नाही, तुमचं तुम्ही बघा. आणि ‘येऊन राहिला’ म्हणजे तो घरून निघाला आहे, वाटेत आहे, आता त्याला कोणी थांबवू शकत नाही. मी मराठीचा शिक्षक. अठ्ठावीस वर्षं मुलांना काळ शिकवतो आहे. पण अपूर्ण वर्तमानकाळ इतक्या जबाबदारीने वापरणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

त्या माणसाचा काळ मी एकदा बदलला. ते सांगायचं म्हणून हे लिहायला बसलो आहे. पण आधी मामा कोण होते ते सांगायला हवं.

चोरखमाऱ्याच्या तलावावर पाटबंधाऱ्याची एक चौकी आहे. तिथे मामा तीस वर्षं चौकीदार होते. चौकीच्या मागे तारेच्या कुंपणात पाऊस मोजायचं नळकांडं होतं. रोज सकाळी साडेआठला ते उघडायचं, आत साचलेलं पाणी काचेच्या मापात ओतायचं आणि आकडा वहीत लिहायचा, हे त्यांचं काम. गावात पाऊस बोटांनी सांगायची पद्धत होती, चार बोटं पडला, वीतभर ओल गेली, असं. मामा एकटे मिलिमीटरमध्ये बोलत. म्हणून ते मिलिमीटर मामा. त्यांचं खरं नाव निवृत्तीच्या सत्काराच्या दिवशी माइकवरून पुकारलं गेलं तेव्हा शेजारी बसलेल्या माणसाने मला विचारलं होतं, “हा कोन होय जी?”

माप वाचताना ते उकिडवे बसत आणि काच डोळ्यासमोर आणून श्वास रोखत. पाण्याच्या पातळीला डोळ्याची पातळी लागली की मग आकडा. वरून बघितलं तर एक-दोन मिलिमीटर जास्त दिसतो, असं ते सांगत. “उभा राहून पाहला का मानूस फुकटचा पानी वाढवते,” असं त्यांचं म्हणणं.

कोरड्या दिवसांतही हे चुकत नसे. मार्च महिन्यात, आभाळात चिमटीभर ढग नसताना, मामा साडेआठला कुंपणात शिरत, नळकांडं उघडत, आत डोकावत आणि वहीत शून्य लिहीत. मी नवीन होतो तेव्हा एकदा पाळीवर, तलावाच्या बांधावर, फिरायला गेलो असताना हसून म्हणालो होतो, “मामा, घरूनच लिहा की शून्य. कुठे पळून जातो का तो?”

“शून्यही पाहून लिहा लागते मास्तर,” ते म्हणाले. “न पाहता लिहला तं तो शून्य नाई, ते खोटा होय.”

मामी वारल्या तो दिवस उन्हाळ्यातला. पाऊस नव्हता, हे साऱ्या गावाला माहीत होतं. त्या दिवशी मामा मसणवटीत होते. वहीत त्या तारखेपुढे शून्य नाही. ‘मोजला नाही’ असं लिहिलेलं आहे. तीस वर्षांत एकदाच. पुढे एका साहेबांनी, दुःख सोडा, पण शून्य टाकून द्यायला काय झालं होतं, असं म्हटल्यावर मामा त्यांना म्हणाले होते, “मी पाहलो नाई तं कसा टाकू?”

बाकी माणूस गमत्या. लग्नाच्या पंगतीत वरण वाढणाऱ्याला सांगणार, “दोन मिलिमीटर अजून टाक गा.” आमच्या घरी चहा घेताना कपात डोकावून माझ्या बायकोला म्हणणार, “सुनबाई, आज दुष्काळ दिसून राहिला.” ती आतून उत्तर द्यायची, “मामा, कालच अतिवृष्टी झाली होती, आठवते ना?” मग दोघंही हसत. मी कपाटातून वही काढत असे.

वही कशाला, ते सांगतो. मामा निवृत्त झाले, चौकीवर आपोआप मोजणारं यंत्र आलं, पण लोक मामांनाच विचारत राहिले. मोबाइलवर अंदाज येतो, नाही असं नाही. पण तो साऱ्या जिल्ह्याला एकच येतो. देवरीच्या जंगलात पडलं काय आणि आमच्या धानाच्या बांधीत पडलं काय, त्या मोबाइलला सारखंच. मामा सकाळी पाळीवर चढून तिरोड्याच्या वीजकेंद्राची चिमणी बघत. स्वच्छ सकाळी ती आमच्या पाळीवरून दिसते. धूर सरळ वर जातो आहे, की उगवतीकडे कललाय, की बुडतीकडे, हे ते उभे राहून बराच वेळ बघत. उन्हाळ्यात तीन दिवस धूर बुडतीकडे कलला, म्हणजे वारा उगवतीचा, ओला; आणि दुपारी मासळी पाण्याच्या वर तोंड काढू लागली की मामा गप्प होत. गप्प झाले की समजायचं. “लोकं चिमणीले पाहून लाइट म्हनते,” ते सांगत, “मले तं ते वाऱ्याची काडी वाटते.”

शाळेसाठी मी मोबाइलवर एक ग्रुप काढला होता. पालक, माजी विद्यार्थी धरून चारेकशे माणसं होती त्यात. मामांना लिहिण्याचा कंटाळा, मोबाइल बटणांचा. मग असं ठरलं, की गुरुवारी सकाळी मामांनी माझ्या ओसरीत यायचं, सांगायचं, मी लिहून घ्यायचं आणि संध्याकाळी ग्रुपवर टाकायचं. त्यातही त्यांचा जीव लाल तारखांवर. माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे ते आल्याआल्या बघत आणि विचारत, “लाल तारीख कवा आहे?” जन्मभर सुटी न घेतलेल्या माणसाला सुट्यांचं एवढं कौतुक का, असं मला वाटायचं. कारण साधं होतं. आमच्या भागातली पोरं नागपूर, रायपूर, हैदराबादला कामाला. लागून दोन-तीन लाल तारखा आल्या की ती घरी येतात. घरात हात असतात ते तेवढेच दिवस. जिथे यंत्र शिरत नाही अशा कोपऱ्यातल्या बांध्या त्या दिवसांत कापून निघतात. सुटीचा अंदाज चुकला तर नुसतं पावसात भिजणं होत नाही, पोरगा रजा टाकून आलेला असतो आणि सोमवारी त्याची गाडी असते. म्हणून मामा इतर वेळी एका दमात सांगून मोकळे होत, पण लाल तारखांचं सांगताना दोनदा सांगत आणि विचारत, “लिहला का मी म्हनलो तसा?”

“लिहिलं मामा. शुद्ध करून.”

“शुद्ध म्हनजे?”

“म्हणजे सगळ्यांना समजेल असं.”

“माह्या बोलीत कोनाले समजत नाई गा?” म्हणून ते खदखदून हसत. पण मला आपलं वाटायचं, शाळेचा ग्रुप आहे, शिक्षकाने टाकलेला मजकूर आहे, तो प्रमाण भाषेतच हवा. ‘येऊन राहिला’ला मी ‘पाऊस निश्चित’ लिहीत असे. ‘आला तं येईन’ला ‘पावसाची शक्यता’. लोकांना माझेही शब्द पाठ झाले होते. तिथपर्यंत सगळं ठीक होतं.

तीन वर्षांपूर्वी एक मे सोमवारी आला. शनिवार, रविवार आणि महाराष्ट्र दिन, सलग तीन लाल तारखा. मामा महिनाभर आधीपासून त्यांच्याकडे बघत होते. त्या वर्षी लवकर रोवलेलं उन्हाळी धान अगदी त्याच दिवसांत पिकायला आलं होतं.

त्याच रविवारी आमच्या शाळेच्या मैदानावर माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. मंडप घातला जायचा होता. जेवण होतं. आणि मला या शाळेत पंचवीस वर्षं झाली म्हणून माझा सत्कार होता. हे शेवटचं वाक्य मी आजवर कुणाला सांगताना नेहमी गाळत आलो. ‘मेळावा होता, मुलं लांबून यायची होती’ एवढंच सांगायचो. मुलं येणारच होती. पण मला हवी होती ती शाल. तिच्याविषयी मी कुणाशी बोललो नव्हतो. माझ्यानंतर चार वर्षांनी आलेल्या शिक्षकाला तालुक्याचा पुरस्कार मिळाला होता आणि मला कोणी विचारलं नव्हतं, हेही कुणाशी बोललो नव्हतो.

बुधवारी नागपूरहून फोन आला. मेळाव्याचं सगळं बघणारा माझा जुना विद्यार्थी होता. “सर, तिकडे हवा कशी आहे? काही जण म्हणतात पाऊस असेल तर पुढे ढकलू. मामा काय म्हणतात ते कळवा. ग्रुपवर आलं की ठरवतो.” पुढे ढकललेल्या गोष्टींचं काय होतं हे मला पन्नाशीत कळू लागलं होतं.

गुरुवारी सकाळी मामा आले. खांद्यावर पिशवी होती. त्यांची लेक सयत्रा आमगावकडे दिलेली. तिच्याकडे चार दिवस राहायला निघाले होते, बस धरायची घाई होती. कॅलेंडरकडे बघितलं नाही, चहाला थांबायलाही तयार नव्हते. बायकोने दारातच कप हातात दिला. उभ्या उभ्या ते म्हणाले, “लिहा मास्तर. शनवारी नाई दिसत. ऐतवारी दोपारनंतर पानी येऊन राहिला. वाराबी आहे संग. कडपा पाडू नका म्हना.”

कडपा म्हणजे कापून बांधीतच वाळायला पसरलेलं धान. दोन-तीन दिवस ऊन खाल्ल्याशिवाय ते उचलता येत नाही. उभं धान वाऱ्याने लोळलं तरी निम्मंशिम्मं हाती लागतं. पाण्यात बुडालेल्या कडपांना दोन दिवसांत कोंब फुटतात.

“लिहला का?”

“लिहिलं मामा.”

“येऊन राहिला,” ते पायरी उतरताना पुन्हा म्हणाले आणि बसकडे गेले.

संध्याकाळी मी मोबाइल घेऊन ओसरीत बसलो. ‘रविवारी दुपारनंतर पाऊस निश्चित’ असं लिहिलं आणि पुसलं. ‘रविवारी पावसाची शक्यता’ लिहिलं. तेही पुसलं. मग जे लिहिलं ते मला अजून अक्षरशः पाठ आहे: ‘तिन्ही दिवस हवामान सर्वसाधारणपणे कोरडे राहील. रविवारी तुरळक ठिकाणी हलक्या सरींची शक्यता नाकारता येत नाही.’ कडपांचं वाक्य गाळलं. हवामानाच्या मजकुरात सल्ला कशाला, असं मी माझ्याशीच म्हणालो. वाक्य दोनदा वाचलं. व्याकरणात चूक नव्हती. त्यात खोटंही बोट ठेवून दाखवता आलं नसतं. एवढं निर्दोष वाक्य मी आयुष्यात दुसरं लिहिलं नाही.

नागपूरहून लगेच अंगठा आला.

शनिवारी पोरं घरी आली आणि साऱ्या शिवारात विळे चालले. रविवारी अकरा वाजता मंडप भरला होता. शेतातून घरी जाऊन, हातपाय धुऊन, धुतलेले सदरे घालून लोक माझ्यासाठी आले होते. डुलीचंदभाऊ पहिल्या रांगेत होता. त्याची नहराकडेची खोलगट बांधी आदल्या दिवशी पुरती कापून झाली होती. त्याने मला हार घातला आणि कानाशी म्हणाला, “मास्तर, पोरगा होता म्हनून झाला एका दिवसात.” मी हसलो. शाल दिली, नारळ दिला, मी भाषण केलं. भाषणात मातृभाषेविषयी बोललो.

जेवणं चालू असताना बाहेरचं ऊन पिवळं पडलं. कुणीतरी म्हणालं, वावधन येते वाटते. वादळाला आमच्याकडे तसंच म्हणतात. पाच मिनिटांत मंडपाची कनात फडाफडा वाजायला लागली आणि मग एक खांब उखडला. लोक पत्रावळींवरून उठून पळाले, शाळेच्या व्हरांड्याकडे नव्हे, शेतांकडे. धुतलेल्या सदऱ्यांनी, अनवाणी. डुलीचंदभाऊच्या मागे त्याचा मुलगा पळत होता. पाऊण तास पाऊस कोसळत होता. मी व्हरांड्यात उभा होतो. कुणीतरी म्हणालं, सर, शाल भिजते आहे, तेव्हा मला कळलं की ती अजून माझ्या अंगावर आहे.

त्या दिवशी किती मिलिमीटर पडला, मला माहीत नाही. मी मोजला नाही.

मामा मंगळवारी परत आले. तोवर गावात एक बातमी त्यांच्या आधी पोचली होती. डुलीचंदभाऊचा साळा सयत्राच्याच गावचा. त्याने फोनवर सांगितलं, की आमच्या गावात कुणी कडप पाडली नाही, तुमच्या मिलिमीटरने गुरुवारीच पारावर बसून सांगितलं होतं, ऐतवारी येऊन राहिला. चहाच्या टपरीवर डुलीचंदभाऊ सगळ्यांसमोर बोलला, “लेकीच्या गावाले येऊन राहिला, अन् आपल्या गावाले नुसताच हलक्या सरी. वा रे मिलिमीटर.” त्या दिवसापासून नावापुढचा मामा गळाला. तीस वर्षं न पाहता शून्य न लिहिलेल्या माणसाविषयी लोक म्हणू लागले, की त्याने जावयाचं धान वाचवलं आणि गावाला बुडवलं.

मी टपरीवर गेलो नाही. शाळेला सुट्या लागल्या होत्या, घराबाहेर पडायचं कारणही नव्हतं.

चार दिवसांनी मामा ओसरीत आले. गुरुवार नव्हता. बायकोने चहा आणला, त्यांनी कपात डोकावलं नाही. मला वाटलं, आता विचारतील, आणि विचारलं की सांगून टाकू. मी खरंच तसं ठरवलं होतं. त्यांनी भांडण काढलं असतं तर मी सांगितलंही असतं.

“मास्तर, तुमी ग्रुपवर टाकला ते वाचून दाखवा.”

मी वाचून दाखवलं. ‘शक्यता नाकारता येत नाही’ला माझा आवाज जरा खाली गेला.

“याचा आपल्या बोलीत काय होते?”

“आला तं येईन,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, “मी तुमाले काय म्हनलो होतो? खरा सांगा. मले आता नीट आठवत नाई. बसच्या घाईत होतो. मले वाटते मी येऊन राहिला म्हनलो. पन लोकं असे बोलून राहिले तं माहा मलेच समजेना. तुमाले आठवते?”

ते माझ्यावर संशय घेऊन आले नव्हते. स्वतःवर घेऊन आले होते. सत्तरी ओलांडलेला माणूस स्वतःच्या जिभेची साक्ष माझ्याकडे मागत होता, कारण मी लिहून घेणारा होतो.

वही कपाटात होती. ती न काढता मी म्हणालो, “मामा, तुम्ही ‘आला तं येईन’ म्हणालात.”

पहिलं वाक्य मी शालीसाठी लिहिलं होतं. त्याला निदान काही नाव देता येतं, हाव म्हणा, मोठेपणा म्हणा. हे दुसरं कशासाठी बोललो, त्याला मला अजून नाव सापडलेलं नाही. समोर चहा होता, मामा होते, दारात बायको उभी होती, आणि ते वाक्य माझ्या तोंडून सहज आलं, जणू खरंच तसं घडलं होतं.

मामा म्हणाले, “मंग लोकं म्हनते ते बरोबर आहे. लेकीकडे एक बोललो अन् इकडे एक बोललो. मुद्दाम नाई बोललो मास्तर. पन मनात लेक असन, म्हनून जीभ तशी वळली असन.” कप तसाच ठेवून ते उठले. पायरी उतरताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला. तसा त्यांना पूर्वी कधी घेताना मी पाहिलं नव्हतं.

ते गेल्यावर बायकोने कप उचलला. “मी दारात होते,” ती म्हणाली, “बहिरी नव्हते. गुरुवारीही दारातच होते.” मग म्हणाली, “जाऊन सांगा त्यांना. आत्ता. कोपऱ्यापर्यंतच गेले असतील.” मी चपला घातल्या. फाटकापर्यंत गेलो. मामा कोपऱ्यापर्यंतही पोचले नव्हते, हळू चालत होते. मी फाटकाची कडी लावून परत आलो. त्यानंतर तिने हा विषय कधी काढला नाही. मला चहा देताना मात्र ती आजही कधी कधी कपाकडे बघते आणि मग माझ्याकडे बघते.

दुसऱ्या दिवशी मामा टपरीवर गेले आणि डुलीचंदभाऊसमोर हात जोडून म्हणाले, “भाऊ, माह्या तोंडून चुकला.” मी तेव्हा तिथे होतो. कोपऱ्यातल्या बाकावर पेपर धरून बसलो होतो. डुलीचंदभाऊ वाईट माणूस नाही. त्याने मामांचे हात धरले, चहा मागवला. माझ्याकडे बघून म्हणाला, “पाहा मास्तर, असा मोठा मन पाह्यजे.” मी हो म्हणालो.

त्यानंतर मामांनी अंदाज सांगणं सोडलं. कुणी विचारलंच तर “मले नाई समजत आता” म्हणत. पाळीवर चढणं थांबलं. संध्याकाळी ते देवळाच्या ओट्यावर तलावाकडे पाठ करून बसत. हळूहळू इतरही गोष्टींत ते स्वतःला विचारू लागले. दुकानात जाऊन, मी काल साखर नेली होती का, असं विचारत. दार लावलं की नाही म्हणून अर्ध्या वाटेतून परत जात. लोक म्हणाले, वय झालं. वय तर झालंच होतं.

पुढच्या उन्हाळ्यात सयत्रा त्यांना कायमचं न्यायला आली. मी बसथांब्यावर पोचवायला गेलो. वारा उगवतीचा होता, हे मलासुद्धा कळत होतं. मामा बाकावर बसले होते, पिशवी माझ्या हातात होती. मामांनी आभाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात विचारलं, “मास्तर, कसा दिसते? छत्री वर काढू का?”

आयुष्यभर लोक त्यांना विचारत आले. पावसाचं त्यांनी कुणाला विचारलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. सांगायची ती शेवटची संधी होती आणि बस यायला चांगली दहा मिनिटं होती. मी म्हणालो, “काढून ठेवा.” त्यांनी आज्ञाधारक मुलासारखी छत्री काढून मांडीवर ठेवली.

गेल्या पौषात ते आमगावकडेच वारले. मला उशिरा कळलं, असं मी लोकांना सांगितलं. तसं नव्हतं. सयत्राचा फोन त्याच सकाळी आला होता.

यंदा एप्रिलमध्ये मी तिच्याकडे गेलो. ती अंगणात धान वारवत होती. सूप बाजूला ठेवून तिने पाणी दिलं. मी बसलो आणि सगळं सांगितलं, शालीपासून ओसरीतल्या त्या वाक्यापर्यंत. ती म्हणाली, “बाबा रोज तुमचा नाव घेत होते जी. पोरं त्याइले म्हनत, आबा, तुमी बरोबरच बोलले असान. तं म्हनत, नाई, मास्तरने सांगतला, मास्तर खोटा बोलत नाई.”

पाण्याचा पेला मी खाली ठेवला.

“आता मले सांगून काय होते? ज्याले सांगाचं होतं तो गेला.”

“मी काय करू सयत्रा? सांग.”

तिने सूप पुन्हा उचललं. “काही करू नका. बाबा त्या दिवशी जे बोलले ते ग्रुपवर टाका. तसाच. शुद्ध करू नका.”

यंदा एक मे शुक्रवारी आला आहे. पुन्हा सलग तीन लाल तारखा. पोरं घरी यायची आहेत, धान पिकलं आहे. गुरुवारी संध्याकाळी मी ओसरीत मोबाइल घेऊन बसलो आणि तीन वर्षं उशिरा, एकही अक्षर न बदलता लिहिलं: ‘शनवारी नाई दिसत. ऐतवारी दोपारनंतर पानी येऊन राहिला. वाराबी आहे संग. कडपा पाडू नका म्हना. – मिलिमीटर मामा.’

पाठवलं आणि मोबाइल उलटा ठेवला. मिनिटभरात तो वाजला. डुलीचंदभाऊचा निरोप होता. ‘मास्तर, हे कोन सांगतला? मामा तं गेले ना. आता या ऐतवारची कापनी थांबवाची का? पोरगा उद्या येऊन राहिला.’

त्याच्या खाली लगेच दुसऱ्याने विचारलं, मग तिसऱ्याने. मोबाइल थांबेना. आत बायकोच्या हातातल्या कपबश्यांचा आवाज बंद झाला होता.

मी मोबाइल पुन्हा हातात घेतला आणि लिहायला लागलो: ‘डुलीचंदभाऊ, कापणी थांबवू नका. हे या रविवारचं नाही. त्या रविवारचं आहे. मामा तेव्हाच बोलले होते.’